फणसाचा वास येतो कुठून?

मे महिना संपत आला की आमच्या माजघराच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली फणस पिकत ठेवलेला असायचा. झाडावरून उतरवला त्या दिवशी त्याला नुसता चिकाचा, हिरवट वास. दुसऱ्या दिवशीही विशेष काही नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे आजी चुलीकडे जाता जाता सांगायची, “आज फोडायला हवा हो.” तिने फणसावर बोटं वाजवून बघितलेली नसत, काटे दाबलेले नसत. रात्रीत घरभर वास सुटलेला असे, तिला तेवढं पुरे होतं.

त्या एका रात्रीत फणसाच्या पोटात काय होतं, ते मला फार उशिरा कळलं. आणि कळलं तेव्हा घरातल्या एका जुन्या वादाचाही उलगडा झाला. माझी वहिनी मूळची सोलापूरची. फणस फोडायला घेतला की ती उठून गॅलरीत जाऊन बसते. तिला त्यात पावसात भिजलेल्या मोज्यांचा वास येतो. भाऊ म्हणतो, केळं आणि अननस एकत्र कुस्करल्यासारखा सुंदर वास आहे, तुला कळत नाही. खरं तर दोघांनाही जे जाणवतं ते अगदी खरं आहे. वहिनीच्या मोज्यांनाही रसायनशास्त्रात नाव आहे आणि भावाच्या केळ्यालाही. गंमत म्हणजे ही दोन्ही नावं एकाच कुळातली आहेत.

वास येतो म्हणजे त्या पदार्थातून हलके रेणू सुटून हवेत उडतात आणि नाकाच्या वरच्या भागात असलेल्या, वास टिपणाऱ्या ग्राहकांना (रिसेप्टर्सना) जाऊन चिकटतात. माणसाच्या नाकात असे साधारण चारशे प्रकारचे ग्राहक असतात. जिभेचं काम त्या मानाने फार मर्यादित: गोड, आंबट, खारट, कडू आणि सूपमध्ये किंवा टोमॅटोत जाणवणारी ती मांसल चव, ज्याला उमामी म्हणतात. बाकी आपण ज्याला ‘चव’ म्हणतो तो बराचसा वासच. घरी करून बघण्यासारखं आहे: नाक चिमटीत घट्ट धरा आणि पिकलेला गरा चावा. फक्त गोड लागेल, साखरेच्या पाण्यात भिजवलेल्या कशासारखंही. आता नाक सोडा. क्षणात ‘फणस’ येतो, घशाच्या मागच्या बाजूने वर चढत. मुलांना हे करून दाखवलं की ती पुन्हा पुन्हा करतात.

हे उडणारे रेणू कोणते, ते ओळखायची रीत फार छान आहे. गऱ्याची वाफ एका केसासारख्या बारीक आणि तीसेक मीटर लांब नळीतून सोडतात. नळीच्या आतल्या लेपाला काही रेणू जास्त चिकटतात, काही कमी, त्यामुळे शेवटच्या टोकाला ते एकेक करून बाहेर पडतात. तिथे एक यंत्र त्यांची ओळख पटवतं, आणि शेजारीच एक माणूस नाक लावून बसलेला असतो! “आता केळं… आता काही नाही… आता सडकं चीज… आता मध.” यंत्राला रेणू मोजता येतो, पण तो कसा वाटतो ते सांगायला अजून माणसाचंच नाक लागतं. ब्राझील, मलेशिया, चीन आणि इतर देशांतल्या प्रयोगशाळांनी गेल्या चार-पाच दशकांत फणसाची अशी तपासणी केली आहे. दरवेळी कित्येक रेणू सापडतात, जातीप्रमाणे यादी बदलते, पण एक गोष्ट सहसा बदलत नाही. फणसाच्या वासावर राज्य असतं ते एस्टरांचं.

पाच कार्बनची गोष्ट

एस्टर म्हणजे एक आम्ल आणि एक अल्कोहोल एकमेकांना जोडले जाऊन बनलेला रेणू. जोडताना मधून पाण्याचा एक रेणू निसटतो. बहुतेक फळांचा वास याच कुळातला असतो. नेलपॉलिश काढायच्या द्रवाला जो वास असतो त्यातही बऱ्याचदा एक एस्टर असतो. बाजारात मिळणाऱ्या केळ्याच्या इसेन्समध्ये आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं एस्टर असतं. तेच एस्टर फणसात आहे, तेही भरपूर. म्हणजे भावाला येणारा केळ्याचा वास हा भास नाही. फणसात खरोखरच केळ्याचा रेणू आहे.

त्याच्या जोडीला फणसाची खरी ओळख असलेली एस्टरं येतात ती आयसोव्हॅलेरेट गटातली: इथाइल आयसोव्हॅलेरेट, ब्युटाइल आयसोव्हॅलेरेट, प्रोपाइल आयसोव्हॅलेरेट. नावं अवघड वाटली तरी त्यातला पहिला भाग फक्त अल्कोहोल कोणतं ते सांगतो, दुसरा भाग आम्ल. इथाइल आयसोव्हॅलेरेट इतकं तीव्र असतं की पाण्याच्या एक अब्ज भागांत त्याचा एक भागही नसला तरी नाकाला कळतं. बंद खोलीतला फणस जिन्यातूनच ओळखू येतो तो यामुळे.

आता वहिनीकडे वळू. या एस्टरांमधलं आम्ल म्हणजे आयसोव्हॅलेरिक आम्ल. ते एस्टरात जोडलेलं असतं तेव्हा त्याला फळाचा, अननसाच्या जवळचा वास येतो. तेच आम्ल सुटं असलं की वास येतो घामट पायांचा आणि मुरलेल्या चीजचा. उगाच ‘सारखा’ म्हणून नव्हे: पायाच्या त्वचेवरचे जिवाणू घामातून आणि मृत त्वचेतून हेच आम्ल तयार करतात, आणि चीज मुरताना त्यातही हेच तयार होतं. फणसात एस्टरांबरोबर थोडं सुटं आम्लही असतं. फणस जास्त पिकून बिघडायला लागला की ते जास्त जाणवतं.

पण मग सगळ्यांनाच मोजे का आठवत नाहीत? कारण या एका आम्लाच्या बाबतीत माणसा-माणसांत फार मोठा फरक आहे. कुणाला त्याचा अगदी सूक्ष्म अंशही कळतो, कुणाला भरपूर असलं तरी पत्ता लागत नाही. २००७ साली इस्राएलमधल्या संशोधकांनी वासाच्या ग्राहकाच्या एका जनुकाशी या फरकाचा संबंध दाखवला. तेव्हा घरातलं कुणी फणसाला नाक मुरडत असेल तर त्याला ‘कोकणातलं नाही ना, म्हणून’ असं म्हणणं मी सोडून दिलं आहे. त्याच्या नाकाला खरंच काही तरी वेगळं ऐकू येतं आहे.

आणि आता या सगळ्याच्या मुळाशी जाऊ, कारण मला सर्वांत आवडलेली गोष्ट तिथे आहे. ल्युसिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. प्रथिनं ज्या विटांची बनतात त्यातली ही एक वीट, डाळीत, दुधात, अंड्यात, आपल्या स्नायूंत सगळीकडे असणारी. पिकताना फणस ल्युसिन मोडतो. त्यातला नायट्रोजनचा भाग निघून जातो आणि कार्बनच्या सांगाड्यातून पाच कार्बनची, टोकाला दोन फाटे फुटलेली साखळी उरते. ही साखळी एका वाटेने गेली तर अल्कोहोल बनते आणि त्यातून केळ्याचा वास येतो. दुसऱ्या वाटेने गेली तर आयसोव्हॅलेरिक आम्ल बनते: सुटी राहिली तर मोजे, जोडली गेली तर अननस. या दोन वाटांच्या आधी, फाट्यावर, तिचं एक तिसरं रूप असतं, थ्री-मिथाइलब्युटॅनॅल. त्याचा वास भाजलेल्या धान्याचा, कोकोच्या अंगाने जाणारा. हे तिसरं नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे. सांगाडा एकच आहे, फक्त त्याच्या टोकाला काय लागलं यावर नाक आनंदतं किंवा वैतागतं.

ती एक रात्र

फणस झाडावरून उतरवल्यावरही पिकत राहतो. आंबा आणि केळं यांच्यासारखाच. पिकायची वेळ आली की फळ इथिलीन नावाचा वायू सोडू लागतं, आणि इथिलीनची खोड अशी की ते स्वतःलाच आणखी वाढवतं. थोडं सुटलं की जास्त सुटतं. म्हणून दोन दिवस काहीच घडत नाही असं वाटतं आणि मग एका रात्रीत सगळं घडतं. पिष्टाची साखर होते, गऱ्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळू लागतं आणि एस्टर जोडणारी एन्झाइमं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनं, कामाला लागतात. आजी गोणपाट टाकायची त्याने ऊबही राहायची आणि इथिलीनही फणसाभोवतीच कोंडून राहायचं. तिला वायूचं नाव माहीत नव्हतं, उपाय माहीत होता.

कापा आणि बरका यांच्यातला फरकही इथेच आहे. कापा पिकला तरी पेशींच्या भिंती बऱ्यापैकी शाबूत राहतात, गरा दाताखाली करकरीत लागतो. बरक्यात त्या इतक्या विरतात की गरा घशाखाली आपोआप उतरतो. गोव्यात याच जोडीला कापो आणि रसाळ म्हणतात. मऊ गऱ्याच्या फणसाचा वास सहसा जास्त उग्र असतो, आणि बरका आवडणारी माणसं त्याच उग्रपणासाठी तो मागतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण प्रॉलिफिक’ ही जात कापा प्रकारातली आहे. दुकानात, डब्यात, प्रवासात कापाच परवडतो. पण सांदणं, म्हणजे फणसाच्या रसाच्या वाफवलेल्या इडल्या, करायची तर रस बरक्याचाच हवा, याबद्दल माझं मत पक्कं आहे.

जास्त पिकलेल्या गऱ्यात यीस्ट शिरतं आणि साखरेचं अल्कोहोल करू लागतं. जुलै २०२५मध्ये केरळात पंदळमच्या सरकारी बस डेपोत काही कर्मचारी सकाळच्या श्वासचाचणीत अडकले. दारू प्यायलेली नव्हती, ड्यूटीवर जाण्याआधी पिकलेला फणस खाल्लेला होता. आधी चाचणीत ठीक ठरलेल्या एकाला गरे खायला दिले, आणि यंत्राने त्यालाही पकडलं. तोंडातला हा अंश थोड्या वेळात उडून जातो, त्यामुळे चूळ भरून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकलं की खरं काय ते कळतं. पण फणसाच्या वासाच्या दृष्टीने हे अल्कोहोल कामाचं आहे: तेच आम्लाला जोडलं जाऊन इथाइल एस्टरं होतात, आणि वास आणखी अननसाकडे झुकतो.

झाड हा एवढा खटाटोप करतं तो आपल्यासाठी नाही. फणस खोडावर, जाड फांद्यांवर, कधी अगदी जमिनीलगत लागतो. फळ अवजड, गिनीजच्या नोंदीतला सर्वांत जड फणस ४२.७२ किलोचा, २०१६ साली पुण्यात मोजलेला. असलं फळ पक्षी उचलून नेणार नाही. ते फोडायला आणि आतल्या बिया दूर न्यायला मोठं जनावर हवं, आणि अशी जनावरं रानात डोळ्यांपेक्षा नाकाने फळ शोधतात. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. फणसाच्या दिवसांत हत्ती बागेत येतो तो वासावर येतो.

गऱ्यात खरंच काय असतं

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. सुगंधी रेणू म्हणजे औषध नव्हे. गऱ्यात ते दहा लाखांत काही भाग इतकेच असतात. नाकाला तेवढे खूप झाले, पण रक्ताला किंवा यकृताला त्याने काही फरक पडत नाही. ‘सुगंधी घटकांमुळे आरोग्यदायी’ असं लिहिलेलं वाचलं की मी तो मजकूर तिथेच सोडून देते. शरीराला जे मिळतं ते गऱ्याच्या बाकीच्या भागातून.

पिकलेल्या गऱ्यांचे शंभर ग्रॅम घ्या, म्हणजे आठळ्या (बिया) काढून साधारण चार-पाच मध्यम गरे. त्यात ९५ कॅलरी, सुमारे १९ ग्रॅम साखर आणि दीड ग्रॅम तंतू असतात. तेवढ्याच केळ्यात साखर १२ ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे फणस केळ्यापेक्षाही गोड. पोटॅशियम जवळजवळ ४५० मिलिग्रॅम, हेही केळ्याहून जास्त. बी-सिक्स हे जीवनसत्त्व ०.३ मिलिग्रॅमच्या वर, प्रौढ माणसाच्या रोजच्या गरजेच्या पाव हिस्सा. फळांमध्ये हे प्रमाण चांगलंच म्हणायचं. क जीवनसत्त्वाचं मात्र उगाच कौतुक होतं. ते १४ मिलिग्रॅमच्या आसपास आहे, तेवढ्याच पेरूत दोनशेच्या वर असतं. गऱ्याचा पिवळा रंग कॅरोटिनॉइडांचा. ती स्निग्ध पदार्थांबरोबर चांगली शोषली जातात, तेव्हा सांदणं नारळाच्या रसाबरोबर किंवा वर तूप घालून खायची रीत पोषणाच्या हिशेबातही बसते.

आता मधुमेहाकडे येते, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथे आहे. ‘फणस खा, साखर पळवा’ अशा अर्थाचे निरोप दर उन्हाळ्यात मोबाइलवर फिरतात. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी ते मनावर घेतले आणि आठवडाभर वाटी भरभरून बरक्याचे गरे खाल्ले. मग रक्त तपासलं, तेव्हा घरचे हबकले. त्या निरोपामागे एक खरा अभ्यास आहे, पण तो वेगळ्याच फणसाचा आहे. आंध्र प्रदेशात श्रीकाकुळम इथे टाइप टू मधुमेहाच्या ४० रुग्णांवर तो झाला, २०२१ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना रोज ३० ग्रॅम *कच्च्या* फणसाचं पीठ दिलं, रोजच्या भातातला किंवा पोळीतला तेवढाच भाग कमी करून. बारा आठवड्यांनी या गटाची तीन महिन्यांची सरासरी साखर दुसऱ्या गटाच्या तुलनेत कमी झालेली आढळली.

कच्चा आणि पिकलेला फणस, या दोन वेगळ्या वस्तू धरायला हव्यात. कच्च्यात साखर जवळजवळ नाही, तंतू जास्त आणि बरंचसं पिष्ट सावकाश पचणारं. माजघरातल्या त्या एका रात्रीनंतर त्याच पिष्टाची साखर झालेली असते. आणि अभ्यासात भाताची *जागा* कच्च्या फणसाने घेतली होती; जेवणावर फणस चढवला नव्हता. चाळीस माणसांवरचा, बारा आठवड्यांचा प्रयोग आशा वाटावी असा आहे, त्याच्या जोरावर गोळ्या बंद कराव्यात असा नाही. कोवळ्या फणसाची भाजी मात्र मधुमेही माणसाने पोळी थोडी कमी करून खुशाल खावी.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पोटॅशियममुळे फणसाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं. ज्यांना रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी आहे त्यांच्यापैकी काहींना फणसाचीही होऊ शकते. हाताला लागलेला चीक पाण्याने निघत नाही कारण तो पाण्यात विरघळत नाही, तेलात सुटतो. फणस फोडण्याआधी विळीला आणि हातांना खोबरेल लावायचं ते त्यासाठी.

आठळ्या

गरे संपले की आठळ्या धुऊन टोपलीत वाळत पडतात. त्या कच्च्या खात नाहीत, कारण त्यात प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिन या एन्झाइमला अडवणारे घटक असतात; उकडल्या-भाजल्या की ते निकामी होतात. भरपूर पिष्ट, त्यातलं काही लहान आतड्यात न पचता पुढे जातं आणि तिथले जिवाणू ते आंबवतात, म्हणून जास्त खाल्ल्या की पोटात वायू धरतो. आठळीत एक प्रथिनही असतं, जॅकलिन. फणसाच्याच इंग्रजी नावावरून त्याला हे नाव मिळालं. आपल्या रक्तातली आयजीए ही प्रतिपिंडं त्याला चिकटतात, म्हणून प्रयोगशाळांमध्ये ती वेगळी काढायला ते वापरतात.

पोर्तुगीजांनी आपल्याकडचा फणस ब्राझीलला नेला. तिथे तो इतका माजला की रिओच्या तिजुका जंगलात देशी झाडांना मुश्कील झाली. गरे खाल्ले जातात, आठळ्या बहुतेक फेकल्या जातात. साओ पाउलो विद्यापीठाच्या संशोधकांनी या आठळ्या घेतल्या, काही नुसत्या वाळवल्या, काही आंबवल्या, मग वेगवेगळ्या तापमानाला वेगवेगळा वेळ भाजून त्यांचं पीठ केलं आणि लोकांना हुंगायला दिलं. २०१७ साली त्यांनी निष्कर्ष छापले: आठळ्यांच्या पिठाला चॉकलेटचा वास येतो. कोको न घालता. त्या वासातल्या प्रमुख रेणूंमध्ये होतं थ्री-मिथाइलब्युटॅनॅल, म्हणजे ल्युसिनच्या वाटेवरचं ते फाट्यावरचं तिसरं रूप. गऱ्यात ते एन्झाइमं बनवतात; आठळीत ते विस्तवाच्या आचेवर, ल्युसिन आणि साखर एकमेकांना भिडून तयार होतं.

आमच्याकडे आता चूल नाही. आठळ्यांना सुरीने एक चीर पाडून मी त्या लोखंडी कढईत मंद आचेवर झाकण ठेवून भाजते. चीर पाडली नाही तर त्या फटकन उडतात. दहा-बारा मिनिटांनी वरचं पांढरं साल कुरकुरीत होऊन सुटायला लागतं, आतलं तांबूस पापुद्रं काळपट होतं आणि झाकणाच्या कडेने तो वास यायला लागतो: आधी भाजलेल्या शेंगदाण्यासारखा, मग खरपूस, मग खोल कुठेतरी कोकोसारखा. मागच्या रविवारी तोवर गॅलरीचं दार उघडलं. वहिनी कढईपाशी येऊन उभी राहिली, बशी पुढे केली आणि म्हणाली, “मीठ जरा जास्त घाल.”